बलकार सिंगच्या गच्चीवरचं विमान

पंजाबातल्या चक बेलियां गावात माणसाची ओळख दारावरच्या पाटीने पटत नाही, गच्चीवरच्या टाकीने पटते. ज्याचा मुलगा इटलीत आहे त्याच्या गच्चीवर सिमेंटचा फुटबॉल, जो पोलिसात आहे त्याच्या गच्चीवर पंख पसरलेला गरुड, ट्रकवाल्याच्या गच्चीवर ट्रक. सगळ्यांच्या पोटात पाणी आणि अंगावर तोरा. लंबरदारांच्या, म्हणजे गावच्या पाटलांच्या, गच्चीवर प्रेशर कुकर का आहे हे मात्र कोणी विचारू नये. लंबरदारीणबाई आजही सांगतात की त्यांनी मिस्त्रीला तो कुकर नमुना म्हणून दाखवलाच नव्हता, शिट्टी बघायला दिला होता.

विमानाचा नियम त्यातल्या त्यात कडक होता. पोटचं पोर कॅनडाला जाऊन पक्कं झालं, कागद हातात आले, की मगच विमान चढवायचं. बलकार सिंगने ते चढवलं त्या आठवड्यात त्याची मुलगी नवरूप जालंधरच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला नुकती बसली होती. तिला पासपोर्टसुद्धा नव्हता. बाजारात तुरी म्हणतात ते हेच, पण बलकारला सांगणार कोण?

त्याच्या उतावळेपणाला कारण होतं. तरुणपणी त्याने स्वतः बाहेर जायचा तीनदा प्रयत्न केला होता. पहिल्यांदा एजंट दिल्लीला पोचल्यावर गायब झाला. दुसऱ्यांदा दिल्लीच्या अलीकडेच गायब झाला. तिसऱ्यांदा एजंट अगदी वेळेवर हजर राहिला, पण तेवढ्यात बलकारचं लग्न ठरलं. थोरला भाऊ मक्खन तेवढा निसटला आणि कॅनडात ब्रॅम्प्टनला जाऊन टॅक्सी चालवू लागला. बलकारने विमान आयुष्यभर खालूनच पाहिलं. त्यामुळे विमानाच्या पोटाबद्दल त्याची माहिती चांगली होती, बाकीच्या अंगांबद्दल जेमतेम.

तरसेम मिस्त्रीने पांढरं, लांबलचक, दोन पंखांचं विमान घडवलं आणि शेपटीवर कॅनडाचं लाल पान रंगवलं. पण गच्चीवर जिन्याची खोली आडवी येत होती. विमान रस्त्याकडे तोंड करून बसेना. मग तरसेमने ते उलटं बसवलं. शेपटी रस्त्याकडे, नाक अंगणाकडे.

दुसऱ्याच दिवशी पारावर चर्चा सुरू झाली.

"बलकार्‍या, हे चाललंय कुठे?"

"कॅनडाला!"

"मग तोंड घराकडे कसं? हे तर परत आलेलं दिसतंय. डिपोर्ट केलं वाटतं."

बलकारने तरसेमचं डोकं खाल्लं. तरसेम म्हणाला, "जिन्याची खोली पाडा, फिरवून देतो. मग गच्चीवर शिडीने चढा." बलकारची बायको जिंदर कौर शिडीने चढायला तयार नव्हती. तेव्हापासून दर दिवाळीला बलकार जिन्याची खोली पाडायची शपथ घ्यायचा आणि जानेवारीतल्या लोहडीपर्यंत विसरायचा.

दुसरा वाद खिडक्यांचा. तरसेम रंगाने खिडक्या काढणार होता. बलकार अडून बसला.

"काचा बसव. खऱ्या."

"सरदारजी, टाकी आहे. टाकीला काच लावतात का कुठे?"

"बिनखिडकीचं विमान म्हणजे काय रे? गॅसचं सिलिंडर. काच बसव."

तरसेमने काचा बसवल्या, वर पक्कं सील मारलं, आणि जाताना एवढंच म्हणाला की पुढचं वाहेगुरूच्या हातात. पुढचं वाहेगुरूच्या नाही, उन्हाच्या हातात होतं. टाकीत ऊन शिरलं की काय होतं हे कुठल्याही म्हशीच्या हौदाला माहीत असतं. पहिला उन्हाळा संपायच्या आत बलकारच्या घरातल्या नळाला हिरवं पाणी येऊ लागलं.

गावाची चंगळ झाली. "बलकार्‍या, विमानात पालक पेरलास का?" जिंदर कौर न्हाऊन आली की स्वतःचा हात नाकाशी नेऊन हुंगायची. "अहो, काचा बुजवा त्या. माणूस आंघोळ करून बेडकासारखा वास मारायला लागलाय." बलकार म्हणायचा, बुजवतो. पण त्याला त्या खिडक्या फार आवडायच्या. संध्याकाळी उतरतं ऊन त्यांच्यातून आरपार जायचं तेव्हा आत दिवे लागल्यासारखे दिसायचे, आणि तो खाटेवर पडून वर बघत राहायचा.

त्या हिरव्या पाण्याचा खराखुरा उपयोग घरात एकटीलाच झाला. नवरूपला कॉलेजात तलावाच्या पाण्याचा थेंब मायक्रोस्कोपखाली बघायला सांगितलं होतं. तलाव तीन मैलांवर, नळ स्वयंपाकघरात. ती आळशी होती, तिने नळाचं पाणी बाटलीत भरून नेलं.

बघितलं आणि तिचं भानच हरपलं. काचेच्या पट्टीवर हिरव्या माळा होत्या, चंद्रकोरी होत्या, चाकं होती, आणि एक होडीसारखा जीव सावकाश, कोणाला काही न विचारता, एका कडेपासून दुसऱ्या कडेला निघाला होता. तिने त्या दिवशी बस चुकवली. पुढचे कित्येक रविवार ती विमानाच्या झाकणातून दोरीला बाटली बांधून पाणी काढत राहिली, आणि हळूहळू तिच्या लक्षात आलं की विमानात सगळीकडे एकच शेवाळ नाही. नाकात ऊन थेट येतं, तिथलं वेगळं. पंखात पाणी उथळ, तिथलं वेगळं. आणि शेपटीत, जिथे उजेड जेमतेम पोचतो, तिथे काळपट हिरवं असं काहीतरी होतं, जे तिच्या मॅडमनाही ओळखता आलं नाही.

"पुस्तकात नाही हे," मॅडम म्हणाल्या. "कुठून आणलंस?"

"विमानातून."

मॅडमनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा लावला.

आता इकडे घरी तिचं परदेश ठरून गेलं होतं. बस स्टँडजवळच्या सेंटरात तिला आयलेट्स या इंग्रजीच्या परीक्षेच्या क्लासला घातलं होतं आणि सेंटर चालवणारे पम्मी सर तिची फाईल तयार करत होते. कोर्स होता हॉटेल मॅनेजमेंटचा. नवरूपने विचारलं, "सर, मी तर बॉटनीची आहे, हॉटेल कशाला?" पम्मी सर म्हणाले, "बेटा, कोर्स बघायचा नसतो. कोर्स म्हणजे विमानतळावरची ट्रॉली. सामान आत गेलं की सोडून द्यायची."

कॉलेजला पाठवायचं पत्रही त्यांच्याकडे छापील होतं. लहानपणापासून मला पाहुण्यांची सेवा करण्याची ओढ आहे, अशी सुरुवात. नवरूपच्या आधी ती ओढ अर्ध्या जिल्ह्याला लागलेली होती, त्यात एक असा पोरगा होता की पाहुणे आले की शेताच्या मोटारीवर जाऊन झोपायचा. नवरूपने स्वतः हॉटेल पाहिलं होतं ते म्हणजे महामार्गावरचा ढाबा, तोही खाटेवर बसून.

घरात बोलायची सोय नव्हती. मक्खन तायाजींनी, तिच्या थोरल्या काकांनी, ब्रॅम्प्टनला आपल्या घराचं तळघर तिच्यासाठी रंगवून ठेवलं होतं. त्यांच्या ओळखीच्या मिठाईच्या दुकानात तिची नोकरीही ठरली होती. तिने अजून अर्जावर सही केली नव्हती तेव्हा तिकडे तिच्या मापाचा ॲप्रन शिवला होता म्हणे.

मॅडमनीच तिला फिनलंडच्या एका विद्यापीठाचं सांगितलं. तिथे गोड्या पाण्यातल्या शेवाळावर एम.एस्सी. होती, आणि निवड झाली तर शिष्यवृत्तीही. नवरूपने अर्ज भरला. पत्र लिहायला बसली तेव्हा पम्मी सरांची ओढ आठवली आणि तिने ते सगळं बाजूला ठेवलं. तिने सरळ लिहिलं की माझ्या वडिलांना विमानात बसता आलं नाही म्हणून त्यांनी गच्चीवर विमान बांधलं, हट्टाने त्याला काचा लावल्या, आणि त्यामुळे माझ्या घरी नाकापासून शेपटीपर्यंत एक तळं तयार झालं आहे. त्या तळ्यात शेपटीकडे जे उगवतं त्याचं नाव मला कळलेलं नाही. मला ते शोधायचं आहे. पत्र वाचून तिला रडू आलं आणि हसूही आलं. घरी तिने कोणाला काही सांगितलं नाही.

फेब्रुवारीत दोन्हीकडून उत्तरं आली. कॅनडाच्या कॉलेजने तिला घेतलं. बलकारने गावभर लाडू वाटले, लंबरदारांच्या घरी दोनदा. रविवारी घरी गुरुग्रंथसाहिबाचा पाठ ठेवला, मक्खन तायाजी त्यासाठी खास येणार होते, आणि सोमवारी पम्मी सर व्हिसाची फाईल पाठवणार होते. फाईल एकदा गेली, पैसे भरले, की मग मागे फिरणं नव्हतं. नवरूपला ते पक्कं ठाऊक होतं, तिचा पासपोर्ट पम्मी सरांच्याच कपाटात होता.

फिनलंडहून आलं ते दोन ओळींचं पत्र. शुक्रवारी दुपारी व्हिडिओवर मुलाखत. शक्य असेल तर ते विमान आणि त्यातलं शेवाळ आम्हाला बघायला आवडेल.

शुक्रवारी बलकार नकोदरला तंबूवाल्याकडे जाणार होता. नवरूपने सगळं त्या हिशेबाने जुळवलं होतं. ती मैत्रिणीकडे केस धुवायला गेली, कारण घरच्या पाण्याचा काही भरवसा नव्हता, आणि परत येऊन फोन घेऊन गच्चीवर चढली. गच्चीवर ब्लीचिंग पावडरचा वास होता. विमानाखालून हिरवं पाणी पन्हाळीला लागलं होतं. आणि विमानाच्या आतून, विहिरीतून यावा तसा घुमत, तिच्या बापाचा गाण्याचा आवाज येत होता.

ती धावत विमानाच्या नाकाशी गेली.

"डॅडी!"

गाणं थांबलं. पायलटच्या जागी जे झाकण होतं त्यातून पगडी वर आली, मग मिशा, मग बनियन.

"आलीस? बघ कसं चकचकीत केलंय. तंबूवाल्याला फोनवर सांगितलं. मक्खन येतोय, त्याला काय बेडकाच्या पाण्याने आंघोळ घालू?"

"कुठवर घासलंत?"

"नाक झालं, पोट झालं, दोन्ही पंख झाले. शेपटी राहिली. तिच्यात माझं पोट शिरेना. तुझ्या मम्मीला सांग, पराठ्याला लोणी कमी लाव. आता बादलीभर पावडर कालवून तिथे फेकतो, की काम फत्ते."

"फेकू नका!"

"का? साप आहे का तिथे?"

"डॅडी, हात जोडते, शेपटीला काही करू नका. माझा इंटरव्ह्यू आहे. आत्ता."

"कॅनडाचा? पम्मी काही बोलला नाही."

"कॅनडाचा नाही. फिनलंडचा."

विमानाच्या पंखावरून पाणी ठिबकत होतं. बलकारने मिशीवरचा हिरवा शिंतोडा पुसला.

"ते काय असतं?"

"देश आहे."

"कुठल्या अंगाला?"

"रशियाच्या शेजारी. वर."

"तिथे आपलं कोण आहे?"

"कोणीच नाही."

"कोणीच नाही?" बलकारला हे पटेना. "मग ते परदेश कसं? जिथे आपला एक माणूस नाही, एक गुरुद्वारा नाही, तिथे जाऊन करायचं काय?"

"शेवाळ शिकायचं."

बलकारने आधी हातातल्या ब्रशकडे पाहिलं, मग पन्हाळीतून वाहणाऱ्या हिरव्या पाण्याकडे, मग मुलीकडे.

"हे?"

"हेच."

"ओय वाहेगुरू! हे शिकायला परदेशात? हे तर इथे म्हशीच्या पाठीवर उगवतं! मी सकाळपासून घासून घासून मरतोय आणि तू..." त्याने ब्रश शेपटीकडे रोखला. "तीन वर्षं होत आली हे विमान बांधून. शेपटीवर पान कुठलंय बघ. पान बघ!"

तेवढ्यात फोन वाजला.

पडद्यावर पांढऱ्या आखूड केसांच्या, गालाची हाडं वर आलेल्या एक बाई दिसल्या. प्रोफेसर मारयात्ता. त्यांच्या मागच्या खिडकीत नुसता बर्फ होता. नवरूपने सत श्री अकाल म्हणून टाकलं आणि मग जीभ चावून गुड मॉर्निंग म्हणाली. पुढचं सगळं इंग्रजीत झालं. तिचं इंग्रजी आयलेट्सच्या वर्गात बरं होतं, पण आता ते गुडघ्यात गेलं होतं.

"तुमचं पत्र आम्ही सगळ्यांनी वाचलं," बाई म्हणाल्या. "तुम्ही विमान लिहिलं होतं. आम्हाला वाटलं, शब्दाची चूक असेल."

नवरूपने फोन फिरवला. बाई पडद्याच्या इतक्या जवळ आल्या की नुसतं नाक दिसू लागलं.

"खरंच विमान आहे की! आणि ते आत कोण आहेत?"

"माझे वडील."

"पायलट?"

"नाही," नवरूप म्हणाली, आणि इथे तिला खोटं बोलता आलं असतं. म्हणता आलं असतं की ते नमुना काढतायत. पम्मी सरांनी तेच सांगितलं असतं. पण पत्रात तिने खरं लिहिलं होतं आणि आता मध्येच खोटं कुठून सुरू करायचं हे तिला सुचेना. "ते टाकी धुतायत. घरी पाहुणे येणार आहेत. मला माहीत नव्हतं."

बाईंचा चेहरा उतरला. "म्हणजे गेलं सगळं?"

"बरंचसं. शेपटीतलं उरलंय. त्यांचं पोट तिथे शिरलं नाही."

बाईंनी हे ऐकून घेतलं. हसल्या नाहीत. "मला तेच बघायचं होतं. दाखवता येईल?"

दाखवायचं तर आत जायला हवं, आणि आत जायच्या एकुलत्या एका वाटेवर बलकार सिंग कमरेपर्यंत रुतून उभा होता. बाहेर पडायला त्याला शिडी लागायची, आणि ती आणायला वेळ नव्हता. म्हणजे फोन आत न्यायचा तर त्यानेच. नवरूपने बापाकडे पाहिलं. त्याच्या एका हाताशी ब्लीचिंग पावडरची बादली होती. तिने दुसऱ्या हातात फोन दिला.

"डॅडी, शेपटीकडे धरा. टॉर्च लावा. काही बोलू नका. मी पाया पडते, काही बोलू नका."

पगडी आत गेली. बादलीही आत गेली.

नवरूप विमानाच्या थंड पांढऱ्या पोटाला कान लावून उभी राहिली. आपलं पुढचं सगळं आयुष्य एका टाकीत, बापाच्या हातात आहे, आणि तो बाप रागात आहे, एवढंच तिला कळत होतं. आतून घुमत घुमत एकेक शब्द येत होता. "हॅलो जी." मग घसरल्याचा आवाज. "यस जी. ग्रीन. व्हेरी व्हेरी ग्रीन." मग, "नो नो, नॉट मी. माय डॉटर." मग बादली सरकल्याचा खरखराट. नवरूपने डोळे मिटले.

पगडी पुन्हा वर आली. बलकारच्या कोपरापासून मनगटापर्यंत काळपट हिरवं माखलं होतं. फोन त्याने बोटांच्या टोकांत धरला होता, लग्नात शगुनाचा लिफाफा धरतात तसा.

"ही बाई वेडी आहे," तो म्हणाला. "मी टॉर्च मारला तर टाळ्या वाजवल्या तिने. सोन्याचं नाणं पडलंय की काय म्हणून मी दोनदा वळून पाहिलं."

"बादली?"

"बादली काय? आहे की. सांडली नाही." मग त्याने आवाज खाली आणला. "तिला विचार, तिथे आपलं कोण आहे."

"डॅडी, असं नाही विचारत..."

"विचार म्हटलं ना."

नवरूपने विचारलं. जसंच्या तसं. माझे वडील विचारतायत, तुमच्याकडे आमचं माणूस कोण आहे.

मारयात्ताबाईंनी विचार केला. "तुमच्या गावचं? कोणी नाही. विभागात अजून भारतातलंच कोणी आलेलं नाही. ही आली तर ही पहिली."

नवरूपने ते साध्यासुध्या पंजाबीत सांगितलं, आणि बलकार सिंगच्या चेहऱ्यावर जे झालं ते ती जन्मभर विसरली नाही. त्याच्या मिशा आधी खाली गेल्या, मग सावकाश वर आल्या.

"पहिली?"

"हो."

"लंबरदारांचं कोणी नाही तिथे?"

"नाही."

"फुटबॉलवाल्यांचं?"

"नाही, डॅडी. आख्ख्या तालुक्याचं नाही."

कॅनडात काय, सगळं गावच होतं. तिथे गेलेला पोरगा म्हणजे बसमधला आणखी एक उतारू. पण पहिला गेलेला माणूस! लंबरदारांचे पणजोबा गावातून पहिले आफ्रिकेला गेले होते, आणि त्यांनी तिथे नक्की काय केलं हे कोणालाही माहीत नसताना त्यांचा फोटो अजून गुरुद्वाऱ्याच्या लंगरात, जिथे सगळं गाव जेवतं तिथे, लटकत होता. बलकारच्या डोक्यात काय चाललंय हे नवरूपला विमानाच्या खिडकीतून दिसावं इतकं स्पष्ट दिसत होतं. तिला त्याचा राग आला, हसू आलं, आणि त्याच्या हिरव्या हाताला कवटाळावंसं वाटलं.

बलकारने जिन्याकडे तोंड करून हाळी दिली.

"जिंदरऽऽ! मोटर लाव! टाकी भरायची!"

"धुऊन झाली का?" खालून आवाज आला.

"झाली तेवढी पुरे!"

"मग मक्खन भाईजी आंघोळ कशाने करणार?"

"हापशाने! कॅनडात हापसे नसतात, हौस भागेल त्याची!"

मारयात्ताबाई विचारत होत्या, ते काय म्हणतायत. नवरूप म्हणाली, माझे वडील प्रकल्पाला सहकार्य करतायत.

रविवारी पाठ झाला. लंगरात मक्खन तायाजींनी सगळ्यांसमोर विषय काढला. "बलकार्‍या, तळघर रंगवलंय मी. हीटर लावलाय. आता ते कोणाला देऊ?" बलकार म्हणाला, "तू झोप त्यात. तसंही वहिनी तुला वर घेत नाही." दोघा भावांत थोडा वेळ बोलणं बंद झालं, खीर येईपर्यंत. सोमवारी बलकार स्वतः जाऊन पम्मी सरांच्या कपाटातून पासपोर्ट घेऊन आला. पम्मी सर म्हणाले, फिनलंडची फाईल आम्हीही करतो, तिथेही हॉटेल मॅनेजमेंट आहे.

एप्रिलमध्ये पत्र आलं. प्रवेश आणि शिष्यवृत्ती, दोन्ही. बलकारने पुन्हा लाडू वाटले. काहींनी घेताना विचारलं की हे आधीच्या लाडवांच्या बदल्यात आहेत का.

ऑगस्टच्या अखेरीस ती गेली. जिंदर कौरने पिन्न्यांचे, म्हणजे कणकेच्या लाडवांचे, डबे भरले, इतके, की बाकीचं सामान मधल्या फटींत बसवावं लागलं. मॅडमनी लागणारी परवानगी मिळवून दिली होती, त्यामुळे एका छोट्या सीलबंद बाटलीत शेपटीतलं पाणी रीतसर निघालं. दिल्लीच्या विमानतळावर शिपायाने बलकारला काचेच्या दाराशी अडवलं. तिकीट असलेलाच आत. तो काचेला हात लावून उभा राहिला आणि ती आत ट्रॉली ढकलत लहान होत गेली. मग तो बाहेर गाड्यांच्या तळावर जाऊन थांबला. वरून एक विमान गेलं. तिचं होतं की कोणाचं होतं देव जाणे, त्याने खालून बघितलं, नेहमीसारखं.

दोन दिवसांनी फोन आला तेव्हा तो गच्चीवर होता.

"डॅडी, पोचलं."

"तू पोचलीस हे मम्मीने सांगितलं."

"मी नाही हो. पाणी पोचलं. आत्ता बघितलं मायक्रोस्कोपखाली. जिवंत आहे."

बलकारने फोन हातात धरून ठेवला आणि दुसऱ्या हाताने विमानाच्या पंखावर थाप मारली, म्हशीला मारतात तशी.

"डॅडी? ऐकताय ना?"

"ऐकतोय पुत्तर. जेवलीस का?"

त्या आठवड्यात तरसेम मिस्त्री आला. शेपटीवरचं लाल पान पुसून तिथे फिनलंडचा झेंडा काढायचा होता, पांढऱ्यावर निळा क्रूस. रंग वाळायच्या आत गावात निकाल लागला. अर्धे म्हणाले बलकारने दवाखाना काढला, अर्धे म्हणाले ख्रिस्ती झाला. पण तरसेम फक्त रंगवायला आला नव्हता. नवरूपचं ठरल्या ठरल्या बलकारने त्याला सांगून ठेवलं होतं की या खेपेला जिन्याची खोली पाडायची आणि विमानाचं तोंड रस्त्याकडे करायचंच. आता कोणाची बोलायची टाप नाही. तरसेमने एक भिंत पाडली, चार माणसं आणली, दोर आणले, ओंडके आणले, आणि पंखाखाली खांदा लावून हाक दिली.

"चला, सरदारजी! बोला, कुठे फिरवायचं? कॅनडाकडे की त्या दुसऱ्याकडे?"

बलकार खाटेवर बसून होता. सकाळपासून तो चहा हातात घेऊनच बसला होता.

"राहू दे," तो म्हणाला.

"काय राहू दे?"

"आहे तसंच राहू दे. तोंड घराकडे."

तरसेमने खांदा काढून घेतला. "तीन वर्षं माझं डोकं खाल्लंत. गाव म्हणतं परत आलेलं विमान आहे, गाव म्हणतं डिपोर्ट. आता मुलगी गेली, आता तर खरं..."

"म्हणू दे गावाला." बलकारने थंडगार चहाचा मोठा घोट घेतला. "घर सुनं झालंय, तरसेम. त्याचं तोंड इकडेच असू दे."

चारही माणसं दोर धरून उभी होती. तरसेमने पाडलेल्या भिंतीकडे पाहिलं, विटांच्या ढिगाकडे पाहिलं आणि ठेवणीतली एक शिवी दिली, ती विमानाला की बलकारला ते कळलं नाही.

"मग ही भिंत?"

"बांध परत."

"आणि?"

"आणि जाता जाता खिडक्या पूस. ऊन आत जायला पाहिजे."